समोर दिसेल तेवढंच

बाईंना हृदय काढता येत होतं. चार कप्पे, झडपा, तांबडी धमनी, निळी नीला, महाधमनीची ती डौलदार कमान, सगळं एका दमात, पुस्तकात न बघता. मूत्रपिंड येत होतं, झुरळाची पचनसंस्था येत होती, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी तर त्या दुसऱ्याशी बोलता बोलता काढत. फक्त माणसाचा चेहरा येत नव्हता. आणि नेमकं माणसाच्या चेहऱ्यावाचूनच त्यांचं अडलं.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा असतो. तो कोणता, हे वेगळं सांगायला नको. घरी पुस्तक हातात घेतलं की ते आपोआप त्याच पानावर उघडतं, आणि वर्गात मात्र ते पान कुणाला म्हणून सापडत नाही. बाईंच्या आधीच्या बाई दर वर्षी "हा धडा सोपा आहे, घरी वाचा" असं सांगून पुढच्या धड्यावर जात. बाई त्यातल्या नव्हत्या. त्या शास्त्र शिकल्या होत्या, आणि शरीराच्या एका संस्थेला नाव घेऊन बोलवायचं आणि दुसरीला नुसतं खुणेनं, हा भेदभाव त्यांना मान्य नव्हता. त्या तो धडा शिकवत. स्पष्ट शब्दांत, शांत आवाजात, फळ्यावर आकृती काढून. आणि तो पूर्ण तास सगळा वर्ग मान खाली घालून बसे, जणू प्रत्येकाचं काहीतरी बाकाखाली पडलंय.

यंदा असाच तास चालू असताना शेवटच्या बाकावर त्यांना विलक्षण एकाग्रता दिसली. त्या हळूच मागे गेल्या. तिथल्या मुलाच्या मांडीवर एक चित्रकथा होती. दुसऱ्या ग्रहावरचा ऑक्टोपस आणि एक मुखवटेवाला यांची जुंपली होती. बाईंनी ती जप्त केली आणि शिक्षकांच्या खोलीत बसून वाचली. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, तिथं एकच दाखवलं होतं. तेवढं सोडलं तर त्यांनी ती एका बैठकीत संपवली. आणि संपवल्यावर त्यांच्या मनात आलं, की परग्रहावरच्या ऑक्टोपसची जी मुलं एवढी काळजी करतात, ती चित्रांमधून सांगितलं तर स्वतःचीही करतील.

पण खरं सांगायचं तर या कल्पनेचं मूळ ऑक्टोपसमध्ये नव्हतं. ते जेवणाच्या टेबलात होतं.

त्या टेबलाची उजवी बाजू बाईंची होती आणि डावी चिऊची. चिऊ म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. हे नाव उच्चारायला आता घरात बंदी होती, पण मनातल्या मनात बाईंना तिला दुसरं काही म्हणता येत नसे. चिऊला पेन्सिल धरता यायला लागली तेव्हापासून दोघी त्या टेबलाशी खुर्चीला खुर्ची लावून बसत. बाई बेडकाचं आतडं काढत. चिऊ तिकडून हात लांबवून बेडकाला पापण्या काढी आणि पायांत बूट घाली. बाईंच्या जुन्या टाचणवह्यांत आजही बूट घातलेले बेडूक, टोपी घातलेलं यकृत आणि रुसून बसलेलं मूत्रपिंड सापडतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा यकृताच्या टोपीबद्दल लेखी खुलासा मागवला होता. बाईंनी खुलासा दिला, टोपी खोडली नाही.

आठवीत असताना कधीतरी चिऊ आपली रंगांची डबी घेऊन आतल्या खोलीत गेली. भांडण नाही, तंटा नाही. नुसती उठली आणि गेली, आणि मग खोलीचं दार लावून घ्यायला लागली. विचारावं तर उत्तर एकच, "काही नाही." बाईंनी या 'काही नाही'चं रीतसर वर्गीकरण केलं होतं. एक कोरडं, म्हणजे खरोखरच काही नाही. एक उसासा टाकून, म्हणजे आहे, पण तुला सांगण्यासारखं नाही. आणि एक प्रश्न पुरा व्हायच्या आत येणारं, म्हणजे विचारूच नकोस. अलीकडे तिसऱ्या प्रकाराचा प्रादुर्भाव वाढला होता.

टेबलाची डावी बाजू रिकामी दिसली की बाईंच्या नवऱ्याला तिथं हेल्मेट, किल्ल्या आणि विजेचं बिल ठेवायची अनावर इच्छा होई. बाई ते सगळं रोज उचलून दुसरीकडे ठेवत.

"अगं, रिकामीच तर आहे ती बाजू," तो म्हणे.

"रिकामी नाही," बाई म्हणत. "ठेवलेली आहे."

तर त्या दिवशी जेवताना बाईंनी ताटाकडे बघत, सहज म्हणून, जाहीर केलं, "मी नववीसाठी एक चित्रकथा करायची म्हणतेय. आतल्या आकृत्या मी काढीन. चेहरे काढायला मात्र कुणीतरी हवंय."

चिऊनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत क्षणभर जुनी चमक आली. बाईंनी ती पाहिली. "कशावर आहे?"

बाईंनी सांगितलं.

"आई, प्लीज!" चमक गेली. "तू माझ्याच शाळेत शिकवतेस. माझ्याच वर्गाला शिकवतेस. तो धडासुद्धा तूच शिकवतेस. आता त्याची चित्रं मी काढू? आणि खाली नाव घालू?"

"नाव नको घालूस हवं तर."

"काही नाही," चिऊ म्हणाली. प्रकार तिसरा. वास्तविक बाईंनी काही विचारलंही नव्हतं. दार लागलं.

नवऱ्याने पेपर जरा खाली केला. "मी काय म्हणतो, फुलांवरून सांग ना. परागकण, फुलपाखरू वगैरे. आम्हाला फुलांवरूनच सांगितलं होतं."

"मग कळलं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. पण फुलं आवडायला लागली."

बाई दुसऱ्या दिवसापासून एकट्याच बसल्या. गोष्ट साधी होती. एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीचं शरीर बदलतं, पाळी येते, तिला वाटतं हे फक्त आपलंच होतंय. मुलगा सकाळी ओल्या अंथरुणात जागा होतो आणि आपल्याला मोठा आजार झालाय असं धरून बसतो. दोघांना चुकीची माहिती देणारी माणसं भेटतात, मग नीट माहिती देणारी एक डॉक्टर भेटते. आपल्या शरीराला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही हे ठरवण्याचा हक्क आपला, नको असेल तर 'नको' म्हणायचं आणि दुसऱ्याचं 'नको' ऐकायचं, शंका आली तर लाजून घरगुती उपाय न करता दवाखान्यात जायचं, हे सगळं त्यात होतं. गर्भाशय तर इतकं सुबक उतरलं होतं की कुणीही म्हणावं, वा! पण मुलीचा चेहरा चंचुपात्रासारखा आला आणि मुलाचा परीक्षानळीसारखा.

तेव्हा बाईंना प्रयोगशाळेतला नियम आठवला. कॉलेजात त्यांच्या सरांनी कित्येकांची जर्नलं फाडून हा नियम शिकवला होता. समोर नमुना असल्याशिवाय काढायचं नाही. समोर दिसेल तेवढंच काढायचं, मनाचं काही घालायचं नाही.

नमुन्यांची वाण नव्हती. चित्रकथेची बातमी नवऱ्यानं जिन्यात फोडल्यावर नमुने सल्ले घेऊन आपण होऊन घरी यायला लागले.

पहिल्या आल्या समोरच्या काकू. काकूंचा आवाज मुळात खणखणीत, पण शरीराच्या बाबतीत त्या कुजबुजत, आणि कुठल्याही अवयवाचं नाव न घेता बोलत. "तुम्ही म्हणे ते करताय? ते सगळं? ते सुद्धा?"

"कुठलं, काकू?"

"ते हो!" आणि भिंतीकडे डोळे. "आमच्या वेळी बाई असलं काही नव्हतं."

"पाळी होती ना, काकू?"

काकूंनी घाईघाईनं उठून उघडं दार लावलं आणि मग पुढचा अर्धा तास, गाऊनचं सुटलेलं बटण चिमटीत धरून, आपल्या वेळी काय काय नव्हतं ते सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि काढत होत्या. इतका स्थिर नमुना त्यांना बेडकानंतर मिळाला नव्हता.

मग आले खालचे अप्पा. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर जगातल्या सगळ्याच गोष्टींची मोजणी हाती घेतलेले. छत्री शर्टाच्या कॉलरला मागून अडकवून ते खुर्चीत बसले. "बाई, हे सगळं वयाचं असतं. पोरांना सांगा, सकाळी उठायचं, डोक्यावर थंडगार पाण्याची बादली ओतायची. विचार म्हणून शिल्लक राहत नाहीत. मी आयुष्यभर ओतली."

अप्पांच्या डोक्यावर विचारच काय, केसही शिल्लक राहिले नव्हते. उपाय त्यांनी अगदी मनापासून केला असावा. बाईंनी डोकं काढलं, बादली काढली, छत्रीही काढली.

मुलासाठी त्यांनी भिंतीवरचा नवऱ्याचा शाळेतला फोटो समोर ठेवला. वडील म्हणून खुद्द नवरा घेतला. राहिली मुलगी.

त्या वयाचा नमुना घरात एकच होता.

बाईंनी आधी तिच्याकडे चोरून बघितलं, मग बघतच राहिल्या. गेल्या वर्षभरात त्यांनी तिच्याकडे असं पाहिलंच नव्हतं. बघितलं की ती "काय बघतेस?" म्हणायची, आणि नजर आपोआप खाली जायची. आता त्यांच्याकडे शास्त्रीय कारण होतं. ती वाचताना पेन्सिल दातांत धरते. दप्तर पाठीला न लावता पोटाशी धरते, ढालीसारखं. खांदे जरासे पुढे झुकलेत. हनुवटीवर डाव्या बाजूला एक पिटिका, म्हणजे पुटकुळी, आलीय आणि ती झाकण्यासाठी ती जेवतानासुद्धा डावा हात गालाशी ठेवते. दार अर्धं उघडं असे तेव्हा बाई फटीतून बघत, टेबलाशी येत, दोन रेघा काढत, पुन्हा पाणी प्यायचं निमित्त करून जात. त्या दिवसांत त्या इतकं पाणी प्यायल्या की मूत्रपिंडावरच्या धड्याला उदाहरण झालं असतं. आणि मुलगी उतरली. चंचुपात्र नाही, हाडामांसाची, हनुवटीवर हात ठेवलेली मुलगी. काढता काढता त्यांचा हात त्या गालावरून किती वेळा फिरला. खऱ्या गालावरून असा फिरवू दिला असता कुणी?

गोष्टीत आईही होती. तिच्यापाशी बाई पुन्हा अडल्या. आरशात पाहून काढावं तर डाव्याचं उजवं होतं, आणि आरशातली बाई मुलीकडे न बघता चित्राकडे बघत असते. समोर दिसेल तेवढंच. बाईंना स्वतःचे फक्त हात दिसत होते. म्हणून गोष्टीतल्या आईला त्यांनी नुसते हात दिले. कप धरणारे, पांघरूण ओढणारे, टेबलावर ठेवलेले. शेवटच्या चौकटीत मुलगी त्या हातांच्या समोर बसून विचारते, "आई, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा तुला भीती वाटायची?" आणि हातांच्या वर एक मोठा फुगा होता, आईच्या उत्तराचा.

इथवर सगळं कलेचं काम. पुढे परवानगी.

मुख्याध्यापिकांनी चित्रकथा शाळा समितीकडे धाडली. समितीचे अध्यक्ष फरश्यांचे व्यापारी होते. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक चौकट पाहिली, आतल्या आकृत्यांची पानं फार वेगानं उलटली आणि मुलगा व मुलगी बोलत उभे आहेत त्या चित्रापाशी थांबले. "बाई, हे फार जवळ उभे आहेत."

"वर्गात याहून जवळ बसतात."

"चित्रात नको. मधे निदान दोन फरश्या अंतर ठेवा."

"किती मापाच्या?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

अध्यक्षांनी माप दिलं. बाईंनी घरी येऊन जमीनभर फरश्या आखल्या आणि मोजून अंतर ठेवलं. अध्यक्ष खूश झाले. फरशीचा नमुना हुबेहूब त्यांच्या दुकानातला आला होता. मग त्यांनी शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. "आणि हे काय? आईला भीती वाटायची असं छापायचं? मग मुलांनी बघायचं कुणाकडे? मजकूर काढा. फुगा राहू दे, फुग्याला आमची हरकत नाही."

बाईंनी मजकूर पुसला. फुगा तसाच राहिला, रिकामा.

मग प्रत शिक्षण कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाला मजकुरात रस नव्हता, शिक्क्यात होता. प्रत्येक पानाच्या मधोमध 'तपासले' असा गोल शिक्का पडला. ज्या पानावर गर्भाशय होतं, तिथं तो इतका नेमका पडला की बीजनलिकांच्या दोन कमानींच्या मधे, अगदी जागच्या जागी, 'तपासले' हा अवयव तयार झाला. बाईंनी तो भाग पुन्हा काढून द्यायची तयारी दाखवली. कारकून म्हणाला, "शिक्का मारल्यावर बदल करता येत नाही. बदल केला तर शिक्का पुन्हा मारावा लागेल." यात पुढे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

शाळेच्या यंत्रावर प्रती निघाल्या आणि नववीला वाटल्या गेल्या. वर्गात पहिल्यांदाच त्या धड्याला माना वर झाल्या. पुस्तकातून बाईंकडे, बाईंकडून पुस्तकाकडे, आणि मग, बाईंच्या जरा उशिरा लक्षात आलं, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे. तिथं चिऊ बसली होती.

बेडकानं कधी तक्रार केली नव्हती. बाईंच्या सगळ्या शास्त्रीय आयुष्यात एकाही नमुन्यानं वळून "हा मी आहे का?" असं विचारलं नव्हतं. त्यामुळे चित्रातलं माणूस ओळखू येईल, ही शक्यता त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. आणि दुसरी गोष्ट तर त्यांना चूक म्हणूनही दिसली नव्हती. कुठलीही आकृती नावं दिल्याशिवाय पुरी होत नाही, ही हाताला पडलेली सवय. त्यांनी मुलीच्या हनुवटीवरच्या पिटिकेपासून पट्टी लावून एक सरळ रेघ बाहेर ओढली होती आणि तिच्या टोकाला सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, 'तैलग्रंथीचा दाह'.

चिऊ घरी आली तेव्हा बाई आधीच येऊन पोचल्या होत्या.

"मला सगळे तैलग्रंथी म्हणतायत," ती म्हणाली. दप्तर पोटाशी होतं. "सगळा वर्ग. 'ए तैलग्रंथी, डबा खायला येतेस का?'"

"अगं, पण ती प्रत्येकालाच..."

"मला न विचारता काढलंस. दाराच्या फटीतून बघून!" तिनं दप्तर आणखी घट्ट धरलं. "मला वाटायचं तू पाणी प्यायला येतेस."

दार लागलं. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. आतून 'काही नाही'सुद्धा आलं नाही. त्या क्षणी त्यांना तिन्ही प्रकारांची आठवण येऊन गेली. निदान तिसरा तरी.

बाईंना दाराशी फार वेळ उभं राहू देण्यात आलं नाही. बाहेरच्या दाराची घंटा वाजली. अप्पा होते, हातात प्रत. कुणाच्या तरी घरून आणली होती.

"बाई, हा कोण?"

"गोष्टीतला एक माणूस आहे, अप्पा. चुकीची माहिती देणारा."

"त्याच्या कॉलरला छत्री आहे!"

"छत्री पुष्कळ लोक बाळगतात."

"कॉलरला मागून अडकवणारा या इमारतीत मी एकटा आहे! आणि पुढच्या चित्रात ती डॉक्टर म्हणते, बादलीचा काही उपयोग नाही. आयुष्यभर ओतलेलं पाणी माझं, आणि ती कालची पोरगी..."

मागून काकू आल्या, कुजबुजत. "ती मीच ना? मी काही म्हणत नाही. पण ते... ते सुटलेलं दाखवायलाच हवं होतं का?" काकूंचा रोख बटणावर होता. अध्यक्षांचा फोन आला. आपल्या फरश्या आहेत आणि आपण स्वतः कुठंच नाही, याबद्दल त्यांना थोडं वाईट वाटलं होतं.

सगळे गेल्यावर नवरा प्रत घेऊन टेबलाशी बसला. "हा बाप म्हणजे मी?"

"हो."

"यात माझा चेहरा कुठाय? नुसता पेपर आहे आणि तो धरलेली बोटं."

"समोर दिसलं तेवढंच काढलं."

तो पुढची पानं चाळू लागला. मग मुलाच्या पानावर आला, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. बाईंनी मनाची तयारी केली. पण तो बराच वेळ तेच पान धरून बसला. "हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं गं," तो शेवटी म्हणाला. "वर्षभर मी समजत होतो की मी मरणार. आईला त्रास नको म्हणून चादर स्वतः धुवायचो." त्याने पान उलटलं आणि हेल्मेट टेबलाच्या डाव्या बाजूवरून आपण होऊन उचललं.

मुख्याध्यापिकांनी प्रती परत गोळा करायला सांगितलं. बाईंना तर स्वतःलाच त्या हव्या होत्या, शेवटच्या प्रतीपर्यंत. पण एकही मिळाली नाही. एकाची मावशीकडे होती, एकीची मोठ्या बहिणीनं ठेवून घेतली होती, एकाची वडिलांनी ऑफिसात नेली होती. एकाने ती हरवल्याचं सांगितलं, तेव्हा ती त्याच्या शर्टातून डोकावत होती.

आणि मग तासाला हात वर झाला. या धड्याला हात वर होताना बाईंनी आजवर पाहिला नव्हता. वर्गाचा मॉनिटर उभा राहिला. त्याचा आवाज नुकताच फुटला होता, त्यामुळे वाक्य दोन वेगवेगळ्या माणसांनी बोलल्यासारखं आलं. "बाई, त्या मुलाला वाटतं ना आजार झालाय, तसं खरंच सगळ्यांना वाटतं?"

"पुष्कळांना वाटतं. मोठेपणी ते हे कबूल करतात, कधीकधी."

दुसरा हात. मग तिसरा. कुणाला पाळीत पोहता येतं का विचारायचं होतं, कुणाला 'नको' म्हटलं आणि मैत्री तुटली तर काय करायचं हे. कुणी मान खाली घातली नव्हती. तास संपत आला तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, हिच्या आईला चेहरा का नाही? आणि शेवटी ती काय म्हणाली? फुगा रिकामाच आहे."

"चेहरा..." बाईंनी खडू ठेवला. "समोर नव्हता, म्हणून."

"मग हिला उत्तर कसं कळलं?"

 बाईंनी न ठरवता तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. चिऊ दातांत पेन्सिल धरून खिडकीबाहेर बघत होती. पण ती ऐकत होती. कानाची पाळी लाल झालेली बाईंना इतक्या अंतरावरूनही दिसली. घंटा झाली.

शेवटी मुख्याध्यापिकांनी सगळ्यांच्या सोयीचा तोडगा काढला. सुधारित आवृत्ती. अप्पांची छत्री हातात द्यावी, बटण लावून घ्यावं, आणि बाईंनी स्वतः सुचवल्याप्रमाणे मुलीचा चेहरा बदलावा. सोमवारी सकाळी मूळ चित्रं शाळेत पोचली पाहिजेत.

रविवारी दुपारी बाई टेबलाच्या उजव्या बाजूला खोडरबर घेऊन बसल्या. छत्री, बटण पटकन झालं. मग पहिल्या पानावरची चिऊ. त्यांनी हनुवटीपासून सुरुवात केली. हनुवटी गेली, हात गेला, दातांतली पेन्सिल गेली. कागद हळू घासावा लागत होता, फाटू नये म्हणून. दुसऱ्या पानावर त्या गालापर्यंत आल्या आणि थांबल्या. नमुना गेल्यावर आकृती राहते, एवढाच प्रयोगशाळेचा दिलासा असतो. इथं नमुना दाराआड होता आणि आकृती त्या स्वतःच पुसत होत्या. त्यांनी कागदावरचा रबराचा भुगा फुंकला. तो टेबलाच्या डाव्या बाजूला जाऊन पडला.

दार उघडलं. चिऊ पाण्याला आली. स्वयंपाकघरात गेली, पेला भरला, परत जाताना टेबलाशी रेंगाळली.

"काय करतेस?"

"पुसतेय. तुला."

चिऊनं अर्ध्या राहिलेल्या मुलीकडे पाहिलं. "सगळ्या पानांवरून?"

"हो. तुला नको होतं ना."

"मग आता हिच्या जागी कोण?"

"चंचुपात्र," बाई म्हणाल्या. त्यांना गंमत करायची नव्हती. त्यांना खरोखर तेवढंच येत होतं.

चिऊनं पेला ठेवला. ती म्हणाली, "मॉनिटर म्हणत होता, त्याच्या ताईनं हे वाचून रडून घेतलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं." मग आत गेली. बाईंना वाटलं, गेली. पण ती परत आली, रंगांची डबी घेऊन.

"सरक," ती म्हणाली, खरं तर डाव्या बाजूला पुरेशी जागा होती. तिनं कागद स्वतःकडे ओढला. "माझा कान असा नाहीये. आणि केस काय हे, वडाच्या पारंब्या?" तिची पेन्सिल फिरू लागली. गाल आला, हनुवटी आली, हनुवटीवर एक ठिपकाही आला.

"पिटिका?" बाईंनी हळूच विचारलं.

"पिटिका राहू दे. सगळ्यांना येतात. रेघ नको." बाईंनी रेघ पुसली, अक्षर न अक्षर.

पानामागून पान झालं. शेवटच्या चौकटीशी चिऊ थांबली. "हिच्या आईचं काय करायचं?"

"राहू दे तशीच. समोर नमुना..."

"समोर आहे की," चिऊ म्हणाली. "बस नीट. हलू नकोस."

बाई बसल्या. चिऊ त्यांच्याकडे बघू लागली. पेन्सिल दातांत धरून, डोळे बारीक करून, न संकोचता, जसं बाई आयुष्यभर पानांच्या शिरांकडे आणि पंखांच्या खवल्यांकडे बघत आल्या होत्या तसं. आणि आता बाईंनाही तिच्याकडे बघायला मोकळीक होती. "काय बघतेस?" असं कुणी म्हणणार नव्हतं. पापण्या लांब झाल्या होत्या. भुवईजवळची पडल्याची जुनी खूण पुसट होत चालली होती. कपाळ बाईंच्या सासूबाईंचं होतं, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. किती दिवसांचं बघायचं राहून गेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं तर तेही ही काढेल, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"नाक झालं," चिऊ म्हणाली आणि पट्टी घेऊन नाकापासून एक सरळ रेघ ओढली. टोकाला लिहिलं, 'दाराच्या फटीतून आत घालण्याचा अवयव'.

बाईंना हसू आलं.

"हलू नकोस म्हटलं ना! तोंड राहिलंय अजून." ती पुन्हा वाकली. तोंडाला तिनं सगळ्यात जास्त वेळ लावला. मग कागद दूर धरून बघितला, आणि बाईंपुढे सरकवला. दोन हातांच्या वर आता एक चेहरा होता. दमलेला, जरा घाबरलेला, ओठ किंचित उघडे. त्याच्या शेजारी तो मोठा पांढरा फुगा.

"झालं तोंड," चिऊ म्हणाली. "आता बोल. काय म्हणाली होती ती?"

बाईंना संप्रेरकांची नावं आठवली, टप्पे आठवले, तक्ता आठवला. त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं. "म्हणाली होती, हो. खूप वाटायची." त्यांचा आवाज मॉनिटरसारखा मधेच फुटला. "आणि कुणाला सांगावं ते... एवढ्याशा फुग्यात मावायचं नाही गं ते."

चिऊनं खोडरबर उचललं आणि फुग्याची कड पुसायला घेतली.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "मोठा काढते."